स्थानिक सूत्र

आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात, अजून सुकटीचा वास येतो असं माझं म्हणणं आहे. नात म्हणते, "आजी, कुछ नहीं आता. आपका वहम है." तिचं नाक तरुण, माझं म्हातारं, तेव्हा तिचंच खरं असणार. तरी संध्याकाळी वाळवण काढायच्या निमित्ताने मी वर जाते, टाकीमागे उभी राहते आणि मोठा श्वास घेते. वाळवण काही घातलेलं नसतं. ब्राह्मणपाऱ्यातल्या, म्हणजे ब्राह्मण आळीतल्या, घराच्या गच्चीवर सत्तरी उलटलेली बाई मासळीचा वास हुंगत उभी आहे, हे माझ्या सासूबाईंनी पाहिलं असतं तर त्यांनी मला त्याच टाकीत बुडवलं असतं.

ती सुकट होती मलावीच्या पोरीची. मलावी हा आफ्रिकेतला एक चिंचोळा देश, आणि त्याच्या अंगाला लागून समुद्रासारखं लांबलचक सरोवर. पोरगी त्या सरोवराच्या काठची. पत्रकारिता शिकायला रायपूरला आली आणि आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिली. आधी मला आंटी म्हणायची, मग नातीचं ऐकून आजी म्हणायला लागली. हिंदी ती कॉलेजात शिकली, मराठी माझ्या स्वयंपाकघरात, आणि छत्तीसगढी भाजीवालीकडून. तिन्ही भाषा ती एकाच वाक्यात वापरायची. आम्हीही तेच करतो, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

तिला खोली दाखवतानाच मी मनाशी ठरवून टाकलं होतं की आफ्रिका मला हिच्यापेक्षा जास्त कळते. त्याला कारण होतं. लग्न होऊन अमरावतीहून मी इथे आले, हे रेल्वेत, आणि माझं इंग्रजी बरं म्हणून मला एका हिंदी दैनिकात काम मिळालं. टेलिप्रिंटरवर इंग्रजीत येणाऱ्या परदेशी बातम्या हिंदीत उतरवायच्या. अमेरिका आणि रशिया वरिष्ठांकडे. आफ्रिका उरली, ती माझ्याकडे. अमरावती आणि रायपूरपलीकडे पाऊल न टाकलेली मी रोज दुपारी चहा पिऊन आफ्रिकेतली सरकारं पाडायची. तिकडे कुठल्यातरी राजधानीत, हॉटेलात बसून एक गोरा माणूस ते लिहायचा. इकडे मी पंख्याखाली बसून ते उतरवायची. ज्याच्यावर संकट कोसळलं तो माणूस आम्हा दोघांपैकी कुणालाच भेटलेला नसायचा. "अफ्रीका में फिर" एवढे शब्द मी डोळे मिटून आधीच लिहून ठेवायची, पुढे भूक की बंड की रोगराई ते कागद बघून भरायची. आणि घरी येऊन जेवताना ह्यांना सांगायची, "आफ्रिकेचं काही खरं नाही हो." जणू माझं माहेरच तिकडे होतं.

तर त्या पोरीला चहा देताना मी चेहरा अगदी कळवळल्यासारखा केला आणि विचारलं, "तुम्हारे यहाँ अकाल बहुत पड़ता है ना, बेटा?"

तिने कप खाली ठेवला, फोन उघडला आणि एक फोटो पुढे केला. "आंटी, ये मेरे मामा हैं."

होडीत एक गृहस्थ बसले होते. इतके ऐसपैस, की होडी एका अंगाला कलली होती. आमचे हे हसता हसता खुर्चीतून घसरायचेच बाकी राहिले. "सूत्र," ते मला म्हणाले, "तुह्यी बातमी कटली!"

"सूत्र क्या होता है?" पोरीने विचारलं. झालं. ह्यांना तेवढंच हवं होतं. बैठकीत भिंतीवर, गणपती आणि आमचा लग्नाचा फोटो यांच्यामध्ये, एक इंग्रजी कात्रण चौकटीत लावलेलं आहे. ह्यांनी तिला त्याच्यापुढे उभं केलं आणि माझी फजिती तिखटमीठ लावून सांगितली. मी स्वतःच सांगते, तिखट माझं मला बेतानं घालता येईल.

मी नवी नवी नोकरीत असताना परदेशातल्या एका बड्या वर्तमानपत्राचा माणूस रायपूरला आला. गावागावातून माणसं कामासाठी बाहेर निघाली होती, कुटुंबंच्या कुटुंबं स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेली असायची. त्याला त्यांच्यावर लिहायचं होतं. इंग्रजी येणारी म्हणून संपादकांनी मला त्याच्याबरोबर पाठवलं. मी काय केलं असेल? आदल्या दिवशी गोलबाजारात जाऊन गॉगल घेतला. आणि तो घालून छपराखालच्या प्लॅटफॉर्मवर अशी ऐटीत चालले की कुणाच्या तरी ट्रंकेवर आदळून पडले. परदेशी पाहुण्याने हात देऊन उठवलं. गॉगल मी काढला नाही.

एक बाई गठुड्याला टेकून बसली होती. तिच्याशी बोलायचं ठरलं. मी विचारायचा अवकाश, ती जी सुरू झाली! पदराच्या गाठीत तिने लाल भाजीचं, आपल्या लाल माठाचं, बी बांधून घेतलं होतं. "उहाँ बोहूँ दीदी," तिथे जाऊन पेरीन म्हणाली. कोंबड्या जावेकडे ठेवल्या होत्या, आणि जाऊ अंडी खाणार पण सांगणार नाही, यावर तिने माझा बराच वेळ घेतला. पाहुण्याने विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, भाजीबद्दल सांगते आहे, आणि कोंबड्यांबद्दल. त्याने हात हलवला. म्हणाला, तिला भुकेबद्दल विचार.

मी विचारलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "हव, भूख तो लगथे दीदी. तोला नइ लगय का?"

लागते ना. मला तर तेव्हाही लागली होती. पण हे इंग्रजीत कसं सांगायचं? मी म्हटलं, हो म्हणते आहे.

पुढे छापून आलं, त्यात ती बाई मुकी होती. रिकामी नजर, ओठांवर शब्द नाही, वगैरे. फार सुंदर इंग्रजी होतं. मी वाचताना रडलेसुद्धा, जिने त्या बाईची बडबड तासभर ऐकली होती ती मी! आणि खाली एका ओळीत लिहिलं होतं, 'एका स्थानिक सूत्राने सांगितलं'. सांगितलं काय, तर हो म्हणाली एवढंच. पण मी ते कात्रण चौकटीत बसवलं, आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला त्या ओळीवर बोट ठेवून सांगितलं, "हे मी." तेव्हापासून हे मला सूत्र म्हणायचे. सूत्र, चहा. सूत्र, माझा चष्मा कुठे ठेवला? शेजारच्या बायकांना बरीच वर्षं ते माझं लाडाचं नाव वाटायचं. होतंच म्हणा.

पोरगी खूप हसली. मग कात्रणाजवळ गेली, शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "पर आपका नाम कहाँ है?"

मी बोट ठेवलं. "हे काय."

तिने माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, हिला इंग्रजी जरा कमीच येतं.

तिची स्वतःची रीत वेगळी होती. कॉलेजच्या कामासाठी ती भनपुरीला ट्रकवाल्यांकडे जायची आणि त्यांची बोलणी टेप करून आणायची. रात्रीच्या जेवणाला आम्हाला ऐकवायची. ड्रायव्हर हसायचे, शिव्या द्यायचे, मधेच हॉर्न वाजायचा, आणि ती त्यातलं काही कापायची नाही. बोलणाऱ्याला पुरतं बोलू द्यायची. शेवटी आधी त्याचं नाव सांगायची, मग स्वतःचं. मी माझ्या अनुभवाच्या जोरावर सांगितलं, "अवं पोट्टे, इतकं कोण ऐकते? छाट ना थोडं." ती म्हणायची, "आजी, तो बोलून राहिला ना अजून." हे तिच्याच बाजूने. पोळी हातात तशीच ठेवून ऐकत बसायचे.

सुकटीचं प्रकरणही ह्यांच्यामुळेच टिकलं. तिला घरची फार आठवण आली की ती गुढियारीच्या बाजारातून बोटभर मासोळ्या आणायची आणि त्यांच्याकडे सरोवराच्या काठी वाळवतात तशा गच्चीवर वाळवायची. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. मी कपाळाला हात लावला. ह्यांनी निवाडा दिला, टाकीमागे, वारा पलीकडे जाईल अशा बेताने. आणि पेन्शनर माणूस, काम नाही, तर स्वतःच छत्री घेऊन राखणीला बसायला लागले. खालून ऐकू यायचं, "हट्! पाय वं सूत्र, हे कावळे! आता या कावळ्यायलेच जावई करून घ्या लागते." मी खालून ओरडायची, "आधी आंघोळ करून या, मगच चहा."

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. पाऱ्यातल्या आणि रेल्वे कॉलनीतल्या आमच्या मराठी बायका जमल्या. प्रत्येकीने उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं. पोरगी कोपऱ्यात तिळाचा लाडू खात बसली होती. कुणीतरी गमतीने म्हणालं, "तू पण नाव घे वं!" लग्न झालेलं नाही, नवरा नाही, ती काय घेणार? आम्ही हसायच्या तयारीत बसलो. तिला वाटलं, सगळ्यांनी घेतलं, आता आपली पाळी. ती उठली, ओढणी डोक्यावर घेतली आणि म्हणाली:

"गच्चीवर वाळते माझी सुकट,"

इथे ती थांबली. उखाण्यात नावाच्या आधी बाई थांबते ना, अगदी तशी, डोळे खाली करून. आणि मग ठणठणीत आवाजात स्वतःचंच नाव घेतलं.

"नाव घेते, ते पण फुकट!"

असा गलका झाला म्हणून सांगू! बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. सुकटीचं गुपित फुटलं म्हणून मी तोंड लपवलं. एक बाई डोळे पुसत म्हणाली, "अवं, स्वतःचं नाव नाही घ्यायचं, त्यांचं घ्यायचं असते." पोरीने मनापासून विचारलं, "काहून? का नाही घ्यायचं?" आम्ही तिच्या हातात वाण ठेवलं आणि विषय बदलला.

शिक्षण संपलं, ती गेली. स्टेशनवर ह्यांनी तिला डब्यात बसवून दिलं आणि घरी येऊन गच्चीवर गेले. कावळे हाकायला, म्हणाले. कावळे येऊन करतील काय, वाळत काही नव्हतंच. पुढल्या वर्षी हेही गेले. त्या दिवशी तिने फोनवर एवढंच विचारलं, "आजी, आता तुम्हाला सूत्र कोण म्हणेल?" बाकी सगळे मला धीर देत होते. तिने एकटीने बरोबर प्रश्न विचारला.

वरची खोली मी नंतर कुणाला दिली नाही. मुलगा म्हणतो, दे. मी म्हणते, रंग काढायचा आहे.

तिकडे ती सरोवराच्या काठावरच्या एका लहानशा रेडिओत लागली. तिचा रेडिओ काठच्या गावांपुरताच ऐकू येतो. आणि बाहेरून मोठ्या चॅनलची माणसं आली की तीच त्यांना वाट दाखवते, माणसं गाठून देते, भाषा सांगते. हे मला कळलं तेव्हा मी ताठ झाले. म्हटलं, माझ्याच वळणावर गेली पोरगी. कशाचा आनंद होत होता मला, देव जाणे.

या वर्षी तिकडे पाणी चढलं. काठची घरं गेली, तिच्या आईचंही गेलं. माणसं वाचली. नातीने तिच्या फोनवर एका परदेशी चॅनलची बातमी शोधून काढली. पडक्या भिंती, शाळेत बसलेल्या बायका. एक बाई काही सांगायला तोंड उघडते, तिचे दोन शब्द कानावर पडतात न पडतात तोच वरून इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषाचा जाड आवाज येतो आणि ती खाली बुडते. एका ठिकाणी प्रश्न विचारणारा आवाज क्षणभर आला. तो तिचा होता! मी नातीला म्हटलं, "मागे घे. परत लाव." तिने लावलं. "आता तो वरचा आवाज काढ."

"आजी, ऐसा नहीं होता."

"काहून नाही होत? खाली तिचा आहे ना?"

"है, पर दबा हुआ है. निकलेगा नहीं."

मी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावून घेतला. एका प्रश्नाचा अर्धा भाग. नात कंटाळून फोन माझ्याकडे ठेवून गेली. तो आवाज मी किती दिवसांनी ऐकत होते, आणि तोही दुसऱ्याच्या आवाजाखाली.

त्याच आठवड्यात तिचा फोन आला. आवाज दमलेला होता.

"आजी, एक विचारू?"

"विचार ना वं."

तिने सांगितलं ते असं. पाणी शिरलं त्या रात्री तिच्या आईने घराचं दार बिजागऱ्यांसकट उपटून डोक्यावर घेतलं आणि टेकडी चढली. भांडी नाही, कपडे नाही, दार! चॅनलवाल्यांनी तिला पडक्या भिंतीपाशी गप्प उभं करून चित्र घेतलं. पण नंतर पोरीने आईला पुरतं बोलतं केलं आणि टेप केलं होतं. आई सांगते, भिंती मातीच्या, त्या मी परत बांधीन, पण असं दार पुन्हा कुठलं मिळणार? आणि मधे मधे स्वतःच्याच वेडेपणावर हसते. ते टेपिंग चॅनलने ऐकलं आणि आता त्यांना ते हवं होतं. जगभर दाखवू म्हणाले. फक्त त्याआधी किंवा नंतर दुसरीकडे कुठे लावायचं नाही, आणि गोष्ट सांगेल त्यांचा माणूस. ती म्हणाली, "दिलं, तर सगळं जग बघेल. नाही दिलं, तर आमच्या काठावरच ऐकतील. उद्या सांगायचं आहे. काय करू?"

मी क्षणाचाही विचार केला नाही. "दे ना देऊन! मले इथं दिसशीन तू. तुह्या रेडिओ काही रायपूरले येत नाही."

खरं तेच होतं. जग गेलं खड्ड्यात, मला ती हवी होती. चॅनल नातीच्या फोनवर दिसतो. तिचा रेडिओ दिसत नाही, ऐकू येत नाही, सरोवराच्या पाण्यावरून फार तर पलीकडच्या गावापर्यंत जातो.

ती म्हणाली, "आजी, मी नाही दिसणार. आवाज त्यांचा असेल."

"अन् मायचा?"

"थोडा. मग त्यावर त्यांचा."

"अन् तुह्यं नाव?"

"नाही."

"स्थानिक सूत्र तरी?" मी म्हटलं. ती फस्सकन हसली, मीही हसले. दोघी हसत राहिलो आणि मग माझ्या लक्षात आलं की आता फक्त मीच हसते आहे. भिंतीवर ते कात्रण समोर होतं. त्यातली लाल भाजीची बाई किती बोलली होती! तिचं नाव मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं. आणि ही पोरगी हळदीकुंकवात उठून विचारते, काहून?

मग म्हटलं, "पोट्टे, नाव घे."

"हं?"

"ओढणी घे डोक्यावर अन् नाव घे. आधी मायचं, मग तुह्यं. तुह्या रेडिओवर."

"पण तुम्हाला ऐकू नाही येणार, आजी."

"माहीत आहे वं मले," मी म्हटलं, आणि काहीतरी जळतंय म्हणून फोन ठेवला. गॅसवर काहीच नव्हतं.

तिने चॅनलला नाही म्हणून कळवलं. तिकडच्या सकाळच्या बातम्यांत ते लागायचं होतं, म्हणजे आपल्याकडे स्वयंपाकाची वेळ. मी लाल भाजी निवडत बसले होते. नातीचा फोन वाजला. पलीकडे पोरगी नव्हती. एक पोक्त बाईमाणूस म्हणालं, "आजी?"

ती आई होती. लेक रेडिओत बसलेली, म्हणून तिने आधीच आईच्या फोनमध्ये नंबर घालून देऊन बजावून ठेवलं होतं की सुरू झालं की फोन रेडिओपाशी धर. आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. मी म्हटलं, "हव." तिला ते कळलं असावं. खरखर झाली, कोंबडा आरवला, आणि रेडिओ लागला.

एक अक्षर समजलं नाही. पण तीच बाई रेडिओत बोलत होती, आणि तीच बाई रेडिओजवळ बसून ऐकत होती. रेडिओतली हसायची, की पाठोपाठ इकडची हसायची, आपल्याच गोष्टीला. वरून कुणाचाही आवाज पडला नाही. ती पुरती बोलली. बोलू दे, मी मनात म्हणत होते, पोट्टी कापत नाही काही. मग लेकीचा आवाज आला. आधी एक नाव आलं, ते आईचं असणार, कारण जवळचं हसणं एकदम थांबलं. मग पोरगी थांबली. अगदी तशीच, डोळे खाली करून थांबली असणार. आणि मग ठणठणीत आवाजात स्वतःचं नाव.

ते मी इथे लिहीत नाही. ते तिने घ्यायचं.

"घेतलं गं बाई!" मी भाजीच्या हातांनी टाळी वाजवली. नातीने डोळे मोठे केले. पलीकडे आई "झिकोमो, झिकोमो" म्हणत होती. तो आभाराचा शब्द मला येतो, पोरगी चहाचा कप घेताना रोज म्हणायची.

आता फोन ठेवायचा. पण मला ठेववेना. मी म्हटलं, "बाई, तिला म्हणावं, वरची खोली रिकामीच आहे. टाकीमागे ऊनही चांगलं येते."

"आजी, उनको मराठी नहीं आती," नात हळूच म्हणाली.

पलीकडून ती बाई, काय समजली कोण जाणे, माझंच ऐकून म्हणाली, "हव."